माळ्यावरची सुताराची पेटी: ही हत्यारं आली कुठून?

आमच्या सातारा-सांगलीकडं जुनी घरं पाडून स्लॅब टाकायचा सपाटा चाललाय, आणि त्यात कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरून आजोबांची नाहीतर चुलत्यांची सुतारकामाची पेटी खाली येतेच. वाकस, करवत, पटाशी, रंधा एवढं ओळखू येतं, बाकीचं डायरेक्ट भंगारवाल्याच्या काट्यावर. जरा थांबा. अशी पेटी कुणी एका दमात विकत घेतलेली नसते, एकेक हत्यार वेगवेगळ्या काळात आलेलं असतं, आणि ते कुठून आलं हे कळलं की कशाचं आहे ते निम्मं तिथंच सुटतं.

सगळ्यात जुना माल गावचा. सुतार बारा बलुत्यातला, नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी वर्षभर नीट करून द्यायची आणि सुगीला धान्य घ्यायचं असा व्यवहार, आणि त्याची हत्यारं घडवायचा गावचाच लोहार, त्यामुळं त्यावर ना नाव ना नंबर. लोक हीच हत्यारं ‘लोकल’ म्हणून बाजूला सारतात आणि इंग्रजी ठशाच्या मागं लागतात, मला विचाराल तर खरा ऐवज हाच. सामता घ्या. लाकडाचा गोल रूळ, मधे दोरीनं घासून पडलेल्या खाचा, खाली टोकदार पातं, वर हातात धरायला सुटी टोपी. दोरी कधीच कुजून गेलेली असते म्हणून तुटक्या लाटण्यासारखं वाटतं, पण कमानीची दोरी त्याला गुंडाळून मागंपुढं ओढली की ते गरगर फिरून भोक पाडतं. हातभर लांब जाड गिरमिट निघालं तर बहुतेक घरात गाडीची चाकं होत असणार, तुंब्याचं, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्याचं, भोक पाडायला तसलंच लागायचं. एखाद्या पटाशीच्या अंगावर तिरक्या पुसट रेघा दिसल्या तर समजा जुनी कानस तापवून, ठोकून ती केलीय. आणि करवतीचे दात बघा: मुठीकडं झुकलेले असले तर ती ओढून कापायची, म्हणजे आपल्याकडची. विलायती करवत ढकलून कापते, तिचे दात पुढं झुकलेले.

विलायती माल आला तो रेल्वे, पीडब्ल्यूडी आणि पलटणीच्या वाटेनं. पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असेल तर ते बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, नव्हे, बेंजामिन हंट्समननं 1740 च्या दशकात काढलेल्या पद्धतीनं मुशीत वितळवलेलं पोलाद, ज्याच्यावर शेफील्ड गावाचं नाव झालं. लोखंडी रंधा स्टॅनलीचा असेल तर तो मूळचा अमेरिकन, लिओनार्ड बेलीच्या पेटंटवर बेतलेला, आणि पात्यामागं रंध्याच्या तळाच्या लोखंडावर पेटंटच्या तारखा सापडतात. 1910 ची तारीख दिसली म्हणून रंधा 1910 चाच असं नाही, त्याच्या आधीचा नाही एवढंच (ऑनलाइन विकणारे हे बरोबर विसरतात). कधी नुसती बाणाची खूण असते, ती ब्रिटिश लष्कराच्या मालमत्तेची. साताऱ्यात त्याचं नवल नाही, आपशिंगे मिलिटरीसारखी गावं पहिल्या महायुद्धापासून पलटणीत माणसं पाठवतायत आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सना, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर पलटणीला, सुतार-लोहार लागायचेच.

मिरजेकडची पेटी असेल तर गणित वेगळं. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार-पॉलिश करणाऱ्यांनी, तंतुवाद्यं करायला घेतली, फरीदसाहेब सतारमेकर त्यातलं पहिलं मोठं नाव, आणि 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. त्यामुळं दारं-खिडक्यांच्या कामाला अगदीच बारीक वाटणाऱ्या कोरण्या आणि नाजूक कानशी निघाल्या तर एखाद्या सतारमेकरला दाखवा, जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवायला, तसल्याच कानशी लागतात.

गावचं काम आटलं त्याची सुरुवातही आपल्याच जिल्ह्यात. 1910 ला किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर निघाले आणि लाकडी नांगराचं काम हळूहळू सुटलं. पुढं कारखान्याच्या उसाला टायरची गाडी आली, मग तुंबा कोण करणार आणि ते जाड गिरमिट कशाला लागणार? पेटीत नंतर भरलेला माल बराचसा पंजाबातल्या जालंधरकडचा असतो, ठसा इंग्रजीत आणि धाटणी विलायतीची नक्कल, ओळखायला सोपा.

मापाच्या पट्टीवरूनही काळ लागतो पण जपून. 24 तसूंचा (तसू हे जुनं माप) गज असेल तर पट्टी चांगलीच जुनी, सेंटिमीटर असतील तर बहुतेक 1956 च्या मेट्रिक कायद्यानंतरची, पण नुसते इंच असतील तर काहीच ठरत नाही, कारण सुतार आजही इंच आणि सुतातच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलतो. आणि गंज काढायला लगेच ग्राइंडर लावू नका, आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसून ठशाचा फोटो काढा, कारण ठसा एकदा घासून गेला की मग कुणालाच काही सांगता येत नाही.