'तुम्ही' लिहिलं म्हणजे वेबसाईट गिऱ्हाइकाची होत नाही

'आम्ही'वाली वेबसाईट कशी असते ते सांगायला नको. आमची स्थापना, आमचं ध्येय, आमची अनुभवी टीम, खाली मालकाचा ब्लेझरमधला फोटो. ती कोणी वाचत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. माझं डोकं फिरतं ते त्यावरच्या उपायाने. कोणीतरी सांगतं की कॉपी, म्हणजे साईटवरचा मजकूर, कस्टमर-फोकस्ड पाहिजे, की लगेच बसून सगळे 'आम्ही' खोडायचे आणि तिथे 'तुम्ही' घालायचं, झालं काम!

'तुमचं समाधान हेच आमचं ध्येय. तुमच्या एसीची काळजी आता विसरा. तुम्हाला मिळेल सर्वोत्तम सेवा.' तीन ओळीत तीनदा गिऱ्हाईक, आणि त्याला हवं ते एकही नाही. एसीच्या जागी पेस्ट कंट्रोल लिहा, काही फरक पडतो का बघा.

माझ्या मावसभावाचं ठाण्यात, पाचपाखाडीला एसी सर्व्हिसिंगचं दुकान आहे. त्याची साईट लिहायची म्हणून मार्चमधल्या एका दुपारी नुसता तिथे बसून फोन ऐकले. दोन तासात नऊ आले. किती वर्षं धंद्यात आहात असं एकानेही विचारलं नाही. कळव्याला येता का, आज जमेल का, आऊटडोअर युनिट ग्रिलच्या बाहेर आहे त्याचे वेगळे घेणार का, असंच सगळं. आणि कासारवडवलीच्या एक काकू जरा चिडूनच, 'मागच्या वर्षीच गॅस भरलाय, आता परत तेच सांगणार ना?'

हा शांतपणे म्हणाला, 'काकू, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे. आधी लीक शोधतो, तुम्हाला दाखवतो, मग गॅसचं बोलू.' काकूंनी तिथल्या तिथे उद्याची वेळ घेतली.

मी म्हटलं अरे हे साईटवर का नाहीये? तर म्हणे, 'हे काय लिहायचं, हे तर रोजचंच आहे.'

सगळा घोळ इथेच आहे. आपण फोनवर जे रोज बोलतो ते लिहिण्यासारखं वाटत नाही आणि जे कधीच बोलत नाही ते साईटवर टाकतो, 'सदैव तत्पर' असं फोनवर कोण म्हणतं? आता साईटवर पहिली ओळ आहे: 'लीक दाखवल्याशिवाय गॅस भरत नाही.' बघा, यात 'तुम्ही' हा शब्दच नाही, तरी ती पूर्णपणे त्या काकूंसाठी आहे, कारण त्यांच्या मनातली भीती ओळखून लिहिलीये.

तसंच 'संपूर्ण ठाण्यात सेवा' काढून लिहिलं, 'कोपरी ते कासारवडवली रोज, कळवा फक्त रविवारी, ऐरोलीला येत नाही. घोडबंदर रोडला संध्याकाळी ६ नंतरची वेळ देत नाही.' नाही म्हणायला लोक उगाच घाबरतात. ऐरोलीवाल्याचा फोन वाचला, आपलाही वाचला. आऊटडोअर युनिटचं म्हणाल तर, 'फोटो व्हॉट्सअॅप करा, खर्च आधी सांगतो, दारात येऊन रेट बदलत नाही.'

अनुभव फेकून द्या असं म्हणत नाहीये. फक्त '१५ वर्षांचा अनुभव' असं कोरडं न लिहिता 'आर-२२ गॅसचे जुने एसीही बघतो' लिहा, ज्याच्या घरात तसा एसी आहे त्याला बरोबर कळतं.

बाकी 'तुम्ही' की 'आपण' हा वाद फालतू आहे, पण माझं मत 'तुम्ही'. 'आपण रक्कम भरावी' वाचलं की बँकेचं पत्र आल्यासारखं वाटतं, आणि 'आपण बघू' म्हणजे नक्की कोण बघणार तेही कळत नाही. आणि कृपा करून 'वातानुकूलन यंत्र दुरुस्ती' नको, घरात कोणी म्हणत नाही आणि गूगलवर कोणी टाकत नाही.

एका गोष्टीवर मात्र भाऊ अजून अडून बसलाय, रेट. 'टाकला तर बाजूवाला बघेल.' अरे, बाजूवाला गिऱ्हाईक बनून फोन करतोच की. त्या नऊपैकी एक तोच होता.