थकलेल्या भाड्यासाठी ताब्याचा दावा: मुंबईच्या घरमालकाने आधी काय जमवावं

समोरचा माणूस भाडेकरू आहे की लिव्ह अँड लायसन्सवर राहतोय, हे आधी पाहा. राहायला दिलेल्या घराची लायसन्सची मुदत संपली असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदतीनंतरच्या वास्तव्याची भरपाई दुप्पट दराने मिळते. चाळीतली खोली, पागडी, पावतीवर येणारं भाडं असा मामला असेल तर कलम १५ लागतं आणि दावा लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) दाखल होतो.

कलम १५ मध्ये खरा जीव नोटिशीत आहे. थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूला मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. नोटिशीत खोली क्रमांक, दरमहा भाडं, कोणत्या महिन्यापासून थकलं आणि एकूण किती, हे स्पष्ट हवं. कायद्याने मिळणारी वाढ वेगळी दाखवा. तीन वर्षांपेक्षा जुनं भाडं मुदतबाह्य होतं, म्हणजे दाव्याने वसूल करता येत नाही; ते आकडा फुगवायला घालू नका. चाळींत हमखास दिसणारा घोळ म्हणजे पावती अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने फाटते. नोटीस त्यांच्या नावाने काढून उपयोग नाही, खोलीत राहणाऱ्या वारसांना काढा. पाकीट ‘अनक्लेम्ड’ शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच वकिलाकडे द्या.

सोबत लागतील: मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मालकीचा दस्त किंवा वारसाहक्काचे कागद, पावती पुस्तकाच्या स्थळप्रती, भाड्याची नोंदवही, बँकेचा उतारा, नोटिशीची प्रत आणि टपालाची पावती-पोच. मालक परगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी).

आता कडू भाग. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, पुढे भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताबा मिळत नाही. महिना ३०० रुपये भाड्याच्या खोलीची तीन वर्षांची बाकी १०,८०० रुपये; मुंबईतलं घर वाचवायला एवढे पैसे कोणीही उभे करेल. म्हणून खोली खरोखर परत हवी असेल, तर कलम १६ मधली कारणंही वकिलाकडून तपासून घ्या: पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय कायमचं बांधकाम, दाव्याआधी सलग सहा महिने जागा विनाकारण न वापरणं. पुरावा असेल तरच ती दाव्यात घाला.

दरम्यान भाडेकरूची मनीऑर्डर ‘घेतलं तर केस पडेल’ या भीतीने परत पाठवू नका. तो भाडं द्यायला तयार होता याचा पुरावा तुम्हीच त्याच्या हातात देता. ‘हक्क अबाधित ठेवून’ असं लेखी कळवून स्वीकारा. पाणी-वीज तोडणं तर कलम २९ ने मना आहे.

निकाल विरोधात गेला तर अपील ३० दिवसांत, त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे.