चोरटा रेडिओ आणि डिजिटल प्रसारण : पार्श्वभूमी

खासगी डिजिटल रेडिओची सुरुवात ज्या १३ शहरांत करावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ऑक्टोबर २०२५ मध्ये केली, त्यांत चार महानगरांखालोखाल ‘अ’ वर्गातील नऊ शहरे असून नागपूर त्यांपैकी एक आहे. परवाना न घेता चालणाऱ्या रेडिओचे या बदलात काय होईल, याचा विचार करताना आधी ‘चोरटा रेडिओ’ हा शब्दच तपासावा लागतो.

इंग्रजीतल्या पायरेट रेडिओला आपण ‘चोरटा रेडिओ’ म्हणतो. मूळ शब्दातले चाचे खरोखरच समुद्रावर होते. १९६४ च्या ईस्टरपासून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून पॉप संगीत वाजू लागले. १९६७ च्या कायद्याने अशा जहाजांना रसद आणि जाहिराती पुरवणे हा गुन्हा ठरला, आणि त्याच वर्षी तिथल्या सार्वजनिक प्रसारकाने, बीबीसीने, स्वतःची पॉप वाहिनी काढली. आपल्याकडे १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत जागा बदलत बदलत मुंबईतून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर चाललेल्या ‘काँग्रेस रेडिओ’ या स्वातंत्र्यलढ्यातल्या केंद्राला मात्र कोणीही चोरटे म्हणत नाही, त्याला ‘भूमिगत’ म्हणतात; तारायंत्राच्या १८८५ च्या आणि बिनतारी यंत्रांच्या १९३३ च्या कायद्यांपुढे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर येथे दुरुस्तीच्या दुकानातून एका तरुणाने चालवलेले एफएम केंद्र २००६ मध्ये बंद करण्यात आले, ते याच कायद्यांच्या चौकटीत.

चोरटा म्हणायचे, तर चोरी कशाची? या प्रश्नाला ९ फेब्रुवारी १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वेगळे वळण दिले. वाद क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्यायालयाने त्याहून मोठे विधान केले: प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी मान्य करता येणार नाही, आणि त्यांचे नियमन स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेने समाजाच्या हितासाठी करावे. त्याच निकालात दुसरी बाजूही स्पष्ट आहे, ती म्हणजे लहरी मर्यादित असल्यामुळे कोणालाही वाटेल तेव्हा प्रसारण करण्याचा अधिकार मिळत नाही. निकालाचा पहिला अर्धा भाग उत्साहाने उद्धृत करणारे दुसरा सोडून देतात, आणि सरकारी धोरणाने नेमके उलट केले. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे लिलावात काढण्याजोगी वस्तू, असा अर्थ १९९९ च्या एफएम धोरणाने लावला, आणि माझ्या मते तो निकालाच्या गाभ्याला धरून नव्हता. चढ्या बोलीत टिकेल तोच बोलणार, असे ठरल्यावर मोहल्ल्याचा, बोलीभाषेचा रेडिओ आपोआप बाहेर राहिला. त्याला सामुदायिक रेडिओची वाट २००२ मध्ये शिक्षणसंस्थांपुरती आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी उघडली. सर्वसाधारणपणे १०० वॅटची मर्यादा आणि स्वतंत्र बातम्यांना बंदी, या अटींवर.

नागपूरकरांना या मापांतला फरक विशेष जाणवावा. इथले आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ पासूनचे. १८ मे १९८८ रोजी राष्ट्रीय वाहिनी इथूनच सुरू झाली, ती १,००० किलोवॅटच्या मध्यमलहरी ट्रान्समीटरवरून; रात्री ती देशाच्या मोठ्या भागात ऐकू येई. २०१९ मध्ये ती थांबली. सामुदायिक केंद्राच्या दहा हजारपट शक्तीचा आवाज या शहराने तीन दशके देशभर पाठवला.

डिजिटल प्रसारणात चोरट्या केंद्राची अडचण दोन प्रकारची आहे. एफएमवर दोन परवानाधारक केंद्रांमध्ये आपल्याकडे ८०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असते. त्या मोकळ्या पट्टीत साधा, घरी जुळवलेला ट्रान्समीटरही बसतो आणि श्रोता बटण फिरवता फिरवता तिथे पोहोचतो. डिजिटल संकेत त्याच मोकळ्या पट्ट्या भरू शकतात. शिवाय डिजिटल संचावर केंद्रांची यादी येते. तिच्यात दिसायचे तर संकेत, नाव आणि माहिती ठरलेल्या सांकेतिक पद्धतीनेच बांधावी लागते. ही अडचण आता पूर्वीइतकी मोठी नाही, कारण ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास ब्रायटनमधील प्रयोगाने दाखवले की, मुक्त सॉफ्टवेअर आणि स्वस्त उपकरणांवर छोटे डिजिटल प्रक्षेपण चालते. तिथे २०१७ मध्ये छोट्या बहुवाहिनी प्रक्षेपणासाठी (एकाच संकेतावरून अनेक केंद्रे) स्वतंत्र कायदा झाला, आणि अनेक लहान केंद्रांना स्वस्त, कायदेशीर जागा मिळाली. त्याआधी, २०१० मध्ये, १९९४ पासून विनापरवाना चाललेल्या एका लंडनच्या केंद्राला परवाना देण्यात आला होता. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून हटवल्या, तरी अनेक स्थानिक केंद्रे एफएमवरच राहिली.

आपल्याकडची शिफारस एफएम बंद करण्याची नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर एक जुनी एफएम वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीवाहिनी, अशी रचना तिच्यात सुचवलेली आहे. त्यामुळे घराघरांतले एफएम संच चालूच राहतील, आणि ते चालू आहेत तोवर विनापरवाना प्रसारण करणाऱ्याला डिजिटलकडे वळण्याचे कारण नाही. वाढलेल्या तीन जागा मात्र फ्रिक्वेन्सीसाठी बोली लावू शकणाऱ्यांच्याच हाती जातील. मोहल्ल्यातल्या केंद्रासाठी त्यांतली एखादी राखून ठेवण्याची तरतूद आत्ताच व्हावी, अशी मागणी नागपुरातून व्हायला हवी.