नववी-दहावीच्या इतिहास-भूगोलाचा शिक्षक : अटी वाढत गेल्या, विषय मागे पडला

राज्य मंडळाच्या शाळेत नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवायचा तर पदवी आणि बी.एड. लागते, हे सांगायला नको. गोंधळ आहे तो त्याभोवती उभ्या राहिलेल्या परीक्षांचा. बी.एड.ची प्रवेश परीक्षा सीईटी, पहिली ते आठवीसाठीची शिक्षक पात्रता परीक्षा टीईटी, शिक्षक भरतीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी टीएआयटी आणि शेवटी भरतीचे सरकारी संकेतस्थळ पवित्र पोर्टल, हे टप्पे वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या तक्रारींवर उपाय म्हणून आले. त्यामुळे या टप्प्यांचा एकमेकांशी मेळ नाही, आणि या सगळ्या वाटेवर उमेदवाराला नववी-दहावीच्या इतिहासाचा किंवा भूगोलाचा प्रश्न जवळजवळ कुठेच विचारला जात नाही.

माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण मुंबईत १९०६ साली सरकारी महाविद्यालयाच्या रूपाने सुरू झाले. पुढे बी.टी. ही अध्यापनाची पदवी आली, तिचीच बी.एड. झाली. तरीही खासगी शाळांतून अप्रशिक्षित पदवीधर बराच काळ शिकवत राहिले. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आल्यावर ‘प्रशिक्षित पदवीधर’ हा निकष पक्का झाला आणि वेतनश्रेणीही त्याला जोडली गेली.

१९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांना एकत्र बांधून सामाजिक अभ्यास असा एकच विषय शिकवावा, असे सुचवले होते. महाराष्ट्राने ते अर्धेच स्वीकारले. गुणपत्रिकेवर सामाजिक शास्त्रे हा एक विषय आहे. पण पुस्तके दोन, प्रश्नपत्रिकाही दोन. दहावीला इतिहास व राज्यशास्त्राचे ४०, भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० असे १०० गुण. तासिका मात्र बहुतेक लहान शाळांत एकाच शिक्षकाच्या नावावर असतात. नववी-दहावीची एकेकच तुकडी असेल, तर दोन स्वतंत्र शिक्षकांइतका कार्यभारच भरत नाही. म्हणून इतिहासाचा पदवीधर भूगोल शिकवतो आणि भूगोलाचा पदवीधर इतिहास.

याचा परिणाम वर्गात कसा दिसतो ते एका घटकावरून कळते. २०१८ पासूनचे दहावीचे भूगोलाचे पुस्तक क्षेत्रभेटीने सुरू होते आणि नंतर भारत व ब्राझील यांची तुलना करत पुढे जाते. हवामानाच्या पाठात दोन्ही देशांचे आलेख शेजारी-शेजारी वाचावे लागतात. भूगोल बारावीनंतर सुटलेला शिक्षक इथे हमखास अडखळतो. ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे जून-जुलै हा तिथला हिवाळा. पण भारताच्या सवयीने तो उन्हाळा म्हणून वाचला जातो. पुढे ईशान्य ब्राझीलमधला अवर्षण चतुष्कोन, म्हणजे तिथला दुष्काळी टापू, येतो. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे अजस्र कडा म्हणतात त्या किनाऱ्यालगतच्या उंच कड्याला अडतात, किनाऱ्याकडे पाऊस पडतो आणि कड्यामागचा प्रदेश पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्री आणि त्याच्या पर्जन्यछायेतला माणदेश डोळ्यांसमोर आणले की मुलांना हे दोन मिनिटांत कळते. ज्याला ते जोडता येत नाही, तो शिक्षक ‘तिथे पाऊस कमी पडतो’ एवढे लिहून देतो. उलट बाजूही तशीच आहे. दहावीच्या इतिहासाचा पहिला पाठ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. त्यात व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स आणि फुको हे युरोपीय विचारवंत एकामागून एक येतात. भूगोलाच्या पदवीधराकडून तिथे नावे आणि व्याख्याच पाठ करून घेतल्या जातात.

ही दरी भरण्याची जागा बी.एड. होती. जुन्या एक वर्षाच्या बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवण्याचे दोन विषय, घ्याव्या लागत. प्रत्यक्षात ठरलेल्या जोड्या चालत : मराठी-इतिहास, इंग्रजी-इतिहास, हिंदी-इतिहास. भाषेच्या पदवीधराला दुसरी पद्धत म्हणून इतिहास सोपा वाटे. भूगोलाकडे वळणारे थोडे. त्यामुळे शाळांना हवी असलेली इतिहास-भूगोल ही जोडी तुलनेने कमीच तयार होत गेली.

प्रशिक्षणाचा सांगाडा आजही ओळखीचाच आहे. आधी सूक्ष्म अध्यापन : सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणे), बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटांचा पुनर्पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे ३६ मिनिटांचे चक्र. सज्जता प्रवर्तन (वर्गाला विषयाकडे वळवणे), प्रश्न विचारणे, चेतक बदल (आवाज, हावभाव, हालचाल बदलत राहणे), फलकलेखन अशी एकेक कौशल्ये त्यात सुटी करून घोटतात. मग ती कौशल्ये एकत्र जोडणारे सेतू पाठ आणि नंतर शाळेतले सराव पाठ. चूक ठरलेली असते. सूक्ष्म पाठात समोर सहाध्यायी असतात आणि ते अपेक्षित उत्तरे देतात. आठवीच्या वर्गात पहिल्याच प्रस्तावनेच्या प्रश्नाला वेगळे उत्तर आले की पाठ टाचणातली, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातली, पुढची पायरी निखळते आणि ३५ मिनिटांचा तास वीस मिनिटांत संपतो. यावरचा इलाज म्हणजे प्रत्येक प्रस्तावना-प्रश्नाला टाचणातच दोन संभाव्य चुकीची उत्तरे लिहून ठेवणे आणि त्यांवरून विषयाकडे कसे वळायचे ते ठरवणे. भूगोलाच्या पाठाला आणखी एक पथ्य आहे. नकाशा फळ्यावर तासाच्या आधी काढायचा नाही, शिकवता शिकवता काढायचा. तयार नकाशा मुले पाहतात. समोर उतरणारा नकाशा वहीत उतरवतात.

बी.एड. दोन वर्षांची झाली २०१५-१६ पासून. या बदलाचे मूळ महाराष्ट्रातच आहे. इथल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने आयोग नेमला आणि २०१२ च्या त्याच्या अहवालातून २०१४ चे नवे राष्ट्रीय नियम निघाले. त्यांत छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा काळ, २० आठवड्यांचा झाला, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हा बदल चांगलाच होता. फक्त तो आला तेव्हा राज्यात नोकरभरती बंद होती.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी, म्हणजे पटावरचे विद्यार्थी खरोखर आहेत का याची तपासणी, झाली आणि कागदावरच्या विद्यार्थ्यांमुळे उभी असलेली पदे उघडी पडली. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे दुसऱ्या शाळांत समायोजन होईपर्यंत नवी भरती नको, म्हणून २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने ती थांबवली गेली. पुढे सवलत मिळाली ती इंग्रजी, गणित आणि विज्ञानाला. सामाजिक शास्त्रांना ती मिळाली नाही. इतिहास-भूगोल काय, कोणीही शिकवेल, ही समजूत पूर्वी शिक्षकखोलीत होती. तिला इथे शासकीय कागदाचा आधार मिळाला.

टीईटी याच काळात आली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहावी ते आठवीला सामाजिक शास्त्रांचा किमान एक शिक्षक असावा, असे त्याच्या अनुसूचीत आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा सक्तीची झाली आणि राज्यात ती २०१३ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा झाली. सामाजिक शास्त्रांच्या उमेदवारासाठी पेपर दुसरा : १५० मिनिटे, १५० प्रश्न, १५० गुण. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, दोन भाषा प्रत्येकी ३०, आणि सामाजिक शास्त्रे ६०. ऋण गुण नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. निकाल अनेकदा एक अंकी टक्क्यांत अडकतो. ६० गुणांच्या त्या विभागाची तयारी सहावी ते आठवीची राज्य मंडळाची पुस्तके ओळीने वाचून होते, पण पुष्कळ जण स्पर्धा परीक्षेचे ठोकळे वाचतात. नदीप्रणाली, वारे, नकाशा प्रमाण यांवरच्या साध्या प्रश्नांवर त्यामुळे गुण जातात. नववी-दहावीच्या पदाला टीईटी लागत नाही. तरी ती द्यावी, कारण तिच्यामुळे सहावी ते आठवीच्या जागाही खुल्या होतात आणि सामाजिक शास्त्रांच्या मोठ्या जाहिराती तिथेच असतात.

शिक्षक भरतीतल्या वादाचा खरा विषय मात्र २०१७ चा निर्णय. तोवर अनुदानित शाळांत संस्था जाहिरात देत, मुलाखत घेत आणि नेमणूक करत. त्यात डोनेशन चाले, हे गुपित नव्हते. त्यावर उपाय म्हणून राज्यभर एकच अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी (टीएआयटी) आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून शिफारस, अशी पद्धत ठरली. चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली. नंतर थेट २०२३ च्या सुरुवातीला आणि मग २०२५ मध्ये. २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटे; म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. अभियोग्यतेचे १२० प्रश्न : गणितीय क्षमता, वेग व अचूकता, इंग्रजी आणि मराठी भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता, कल, समायोजन. बुद्धिमत्तेचे ८० : आकलन, वर्गीकरण, समसंबंध, क्रमश्रेणी, तर्क, कूटप्रश्न, सांकेतिक भाषा, लयबद्ध मांडणी. विषयज्ञानाला एकही गुण नाही.

या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की विषय पदवीने आणि बी.एड.ने सिद्ध झालेलाच असतो. मराठी, उर्दू, इंग्रजी माध्यमांना आणि सगळ्या विषयांना एकच मोजपट्टी हवी असेल, तर ती विषयनिरपेक्षच असणार. डोनेशनचा रस्ता अरुंद झाला, हे त्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते लहान यश नाही. घरी शेती आणि खिशात पैसे नसलेला पदवीधर केवळ गुणांवर नामवंत शाळेत लागला, अशा नेमणुका याच पद्धतीने शक्य झाल्या.

विरोधातला एक मुद्दा मात्र चुकीचा मांडला जातो. विज्ञानवाले आमच्या जागा नेतात, असे कला शाखेचे उमेदवार म्हणतात. तसे होत नाही. सामाजिक शास्त्रांच्या पदासाठी त्या विषयाचे पात्र उमेदवारच एकमेकांशी तोलले जातात. अडचण त्या यादीच्या आतली आहे. इतिहासाच्या दोन पदवीधरांपैकी कोण वर, हे अंकमालिका कोणी लवकर सोडवली त्यावर ठरते. बी.एड. सीईटीतही मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता एवढेच. म्हणजे नववी-दहावीच्या शिक्षकाची विषयाची शेवटची लेखी कसोटी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला लागते, आणि जो दुसरा विषय त्याला शिकवावा लागणार, त्याची तर बारावीलाच. केंद्र सरकारच्या शाळांत असे नाही. तिथे सामाजिक शास्त्रांच्या पदवीधर शिक्षकाला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला लागतात, त्यांतला एक इतिहास किंवा भूगोलच हवा, आणि लेखी परीक्षेत विषयाचे प्रश्न असतात. राज्याला हे जमणार नाही असे मानण्याचे कारण दिसत नाही. वेगळी परीक्षा नको असेल, तर याच चाचणीला विषयगटाचे ४०-५० प्रश्न जोडता येतील.

पवित्रवर आज दोन वाटा आहेत. मुलाखतीशिवायच्या वाटेवर एका जागेला थेट एका उमेदवाराची शिफारस होते. खासगी संस्थांसाठीच्या मुलाखतीसह वाटेवर एका जागेला अनेक उमेदवार पाठवले जातात आणि संस्था मुलाखत व पाठ घेऊन निवडते. विषयाची परीक्षा होते ती याच पाठात, तीही परीक्षकांना त्यात रस असेल तर. अर्जात गळती होते ती स्वप्रमाणपत्र, म्हणजे स्वतःच्या पात्रतेची पोर्टलवरची नोंद, भरताना. पदवीचा मुख्य विषय, गौण विषय आणि बी.एड.ची पद्धत यांच्या नोंदी गुणपत्रिकेशी जुळल्या नाहीत, तर शिफारस होऊनही कागदपत्र पडताळणीत नाव गळते. प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या मूळ गुणपत्रिका जपून ठेवाव्यात. शेवटच्या वर्षाच्या पत्रिकेवर भूगोल हा गौण विषय दिसेलच असे नाही. स्वप्रमाणपत्र एकदा प्रमाणित केल्यावर दुरुस्तीची संधी पोर्टल देईल तेव्हाच मिळते. प्राधान्यक्रम भरताना जिल्हा पाहण्याआधी पदाचा गट आणि माध्यम पाहावे.

नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. माध्यमिकला ते ८,००० रुपये होते. २०२३ पासून १८,००० झाले.

मधल्या काळात टीईटीची विश्वासार्हताही हादरली. २०१९-२० च्या परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे २०२१ मध्ये उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. हा निकाल पहिली ते आठवीपुरता आहे. पण पाचवी ते दहावीच्या सलग शाळेत एकच शिक्षक आठवीला आणि दहावीला जातो, त्यामुळे माध्यमिक शाळांतही त्याची धास्ती आहे.

पदवीबरोबरच बी.एड. देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आता काही संस्थांत सुरू आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत तीच किमान पात्रता ठरवली आहे. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाची बी.एड. परत आणण्याचा मसुदा २०२५ मध्ये आला. म्हणजे इतिहासात एम.ए. झालेला उमेदवार वर्षभरात शिक्षक होण्यास पात्र ठरू शकेल. त्याच वर्षात सूक्ष्म पाठ, सेतू पाठ, छात्रसेवाकाल आणि त्याला नवखा असलेला भूगोल बसवायचा, तर २० आठवड्यांतले किती उरतील, हे विद्यापीठांना अभ्यासक्रम लिहिताना ठरवावे लागेल.