सिंक जनरेटर

सिंक जनरेटर : कॅमेरा, व्हिडिओ मिक्सर (अनेक कॅमेऱ्यांतून हवे ते चित्र निवडणारे यंत्र), मॉनिटर अशा चित्रसाधनांना ‘आता नवी रेघ, आता नवे चित्र’ असा इशारा ठरलेल्या क्षणी देणारे इलेक्ट्रॉनिक मंडल किंवा उपकरण. पुस्तकी मराठीत त्याला समकालन संकेतजनित्र म्हणता येईल. कामावरची माणसे ‘सिंक’ एवढेच म्हणतात, आणि चित्र वरखाली लोळू लागले की ‘सिंक गेलं’.

कोल्हापुरात हे समजावून सांगायला चित्रपटाची फीत पुरते. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून १९२९ मध्ये येथेच सुरू झालेल्या प्रभातपर्यंत या गावाने चित्रे फितीवर घेतली. ३५ मिमी. फितीच्या कडेला दर चौकटीमागे चार भोके असतात. दातेरी चाक त्यांत अडकते, म्हणून चौकट कोठे संपली हे यंत्राला वेगळे सांगावे लागत नाही. व्हिडिओच्या तारेतून जातो तो फक्त वरखाली होणारा विद्युतदाब. त्यात भोके पाडून देणे हे सिंकचे काम.

भारतात रूढ झालेल्या पाल या अॅनालॉग रंगीत दूरचित्रवाणी पद्धतीत एका चित्रात ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे असतात. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा, एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद. त्यांतले सुमारे ५२ मायक्रोसेकंद चित्राचे. उरलेल्या १२ मध्ये दाब काळ्या पातळीवर येतो आणि ४.७ मायक्रोसेकंदांपुरता ०.३ व्होल्टने आणखी खाली जातो. काळ्याहून काळा असा हा खड्डा डोळ्याला दिसत नाही, पण दूरचित्रवाणी संचाला नेमका ओळखता येतो. एक चित्र दोन फील्डांत, म्हणजे एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांत, विभागलेले असते आणि ६२५ ही विषम संख्या, म्हणून प्रत्येक फील्डच्या वाट्याला ३१२.५ रेघा येतात. ही अर्धी रेघच जनरेटरची खरी परीक्षा घेते. फील्ड संपताना अडीच रेघांच्या काळात पाच रुंद स्पंद (पल्स) आणि त्यांच्या मागेपुढे पाच-पाच अरुंद स्पंद धाडावे लागतात. ते चुकले तर दोन फील्डांच्या रेघा एकमेकींच्या मध्ये न बसता एकमेकींवर चढतात.

म्हणूनच जुन्या जनरेटरांचे मूळ घड्याळ १५,६२५ नव्हे, त्याच्या दुप्पट, ३१,२५० हर्ट्झचे असे. दोनने भागले की रेघ, ६२५ ने भागले की ५० हर्ट्झचे फील्ड. ६२५ म्हणजे पाचाचा चौथा घात. पाचाने भागणारे चार टप्पे ओळीने जोडले की काम झाले. कृष्णधवल काळात हे फील्ड घरगुती विजेच्या ५० हर्ट्झला बांधून ठेवत, कारण मग विजेच्या गुणगुणीमुळे पडद्यावर येणारा आडवा पट्टा निदान एका जागी थांबतो. रंग आला आणि ही सोयरीक मोडली. पालचा रंगवाहक, म्हणजे रंगाची माहिती वाहणारी लहर, ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झचा असतो आणि रेघेच्या वारंवारतेशी त्याचे नाते शेवटच्या अंकापर्यंत ठरलेले असते. विजेची वारंवारता दिवसभर थोडी हलतेच. तिच्यावर हे नाते टिकणार कसे? तेव्हापासून मालक एकच, क्वार्ट्झचा क्रिस्टल. तोही तापमानाने सरकतो, म्हणून चांगल्या उपकरणांत त्याची तापमान-भरपाई केलेली असते किंवा तो छोट्या भट्टीत ठेवलेला असतो.

स्थिरता आणि अचूकता यांत नेहमी गल्लत होते. रेघ सगळीकडे सारखीच ६४.१ मायक्रोसेकंदांची असेल तर साधा संच ती निमूटपणे दाखवतो. एक रेघ ६४ ची आणि पुढची ६५ ची झाली की उभा खांब करवतीसारखा दिसतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हे हमखास घडते. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की एक मशीन सायकल बरोबर एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे एका रेघेला ६४ सायकली. हिशेब मोहात पाडणारा आहे. पण इंटरप्टला, म्हणजे चालू काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्याला, प्रतिसाद मिळायला कधी कमी सायकली लागतात, कधी जास्त. एका सायकलीचा फरक म्हणजे ४० सेंमी. रुंद पडद्यावर जवळपास पाऊण सेंटिमीटर. उपाय कंटाळवाणा आहे : इंटरप्ट सोडायचा आणि प्रत्येक वाटेने जाणाऱ्या सूचनांच्या सायकली मोजून सारख्या करायच्या.

एकापेक्षा जास्त कॅमेरे आले की प्रश्न बदलतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीच्या हौद्याभोवती चार कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाचा क्रिस्टल स्वतंत्र आहे, असे समजा. दोघांत दशलक्षात दहाचा फरक असला तरी साडेसहा सेकंदांत एक अख्खी रेघ आणि तासासव्वातासात एक अख्खे चित्र मागेपुढे होते. अशा अवस्थेत मिक्सरवर कॅमेरा बदलला की चित्र उडी मारते. लेझीम पथकात प्रत्येकाने आपापली हलगी आणावी, तसला हा प्रकार. म्हणून एका जनरेटरचा ‘ब्लॅक बर्स्ट’, म्हणजे सिंक आणि रंगाचा नमुना असलेले कोरे काळे चित्र, सगळ्या कॅमेऱ्यांना देतात. याला जेनलॉक म्हणतात.

तेवढ्यानेही भागत नाही, कारण केबललाही वेळ लागतो. कोअॅक्शियल केबलमध्ये दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद जातात. अॅनालॉग रंगात एवढ्याने रंगवाहकाची फेज (लहरीची स्थिती) ८ अंशांनी सरकते, म्हणून हौद्याजवळच्या आणि वरच्या पायऱ्यांवरच्या कॅमेऱ्याचे टायमिंग वेगवेगळे जुळवावे लागे. दुसरी नेहमीची चूक ७५ ओहमच्या टर्मिनेशनची, म्हणजे केबलच्या टोकाला लावायच्या रोधाची. ते शेवटच्या उपकरणावरच हवे. दोन ठिकाणी लागले तर संकेत दोन तृतीयांशावर येतो, अजिबात नसेल तर दुप्पट होतो. बिघाड शोधताना जनरेटर उघडण्याआधी हे पाहिलेले बरे.

हाय डेफिनिशनमध्ये सिंक एका बाजूला न झुकता शून्याच्या खाली आणि वर ०.३ व्होल्ट जाते. याला ट्राय-लेव्हल सिंक म्हणतात. आयपी नेटवर्कवर चालणाऱ्या नव्या स्टुडिओंत स्पंदाऐवजी वेळच पाठवली जाते आणि प्रत्येक उपकरण तिच्यावरून आपले सिंक स्वतः बनवते. फ्रेम सिंक्रोनायझर बाहेरून आलेले बेताल चित्र साठवून तालात सोडतो, पण त्यासाठी एका चित्रापर्यंतचा, म्हणजे ४० मिलिसेकंदांचा, उशीर सोसावा लागतो.

नवरात्रात किंवा अंबाबाईच्या किरणोत्सवात गर्दीसाठी लावलेल्या एलईडी पडद्यांनाही सिंक लागते. पडदा आणि त्याचे चित्रण करणारा कॅमेरा एकाच जेनलॉकवर असले तर काळे पट्टे टाळता येतात. भाविकांच्या मोबाइलला बाहेरचे सिंक घ्यायची सोय नसते, त्यामुळे तेथे शटरचा वेग बदलून पाहणे एवढेच हाती उरते.