शाश्वत ऊर्जा आणि स्थानिक स्वराज्य संस्था

सूर्य, वारा, जैवभार (लाकूड, शेण, काडीकचरा) अशा न संपणाऱ्या स्रोतांपासून ऊर्जा मिळवणे आणि मुळात ती कमी लागेल अशी व्यवस्था करणे, या दोन्ही कामांतील महापालिका, नगरपालिका व ग्रामपंचायतींचा वाटा. वीजनिर्मितीचे परवाने, पारेषण आणि बहुतेक देशांत विजेचे दरही वरच्या सरकारच्या हाती असतात. त्यामुळे ऊर्जाक्षेत्रात या संस्थांना दुय्यम समजले जाते. पण ऊर्जा जिथे खर्च होते, त्या इमारती, रस्ते, पाणीपुरवठा आणि कचरा हे सारे त्यांच्याच अखत्यारीत येते.

त्यांचे सर्वांत प्रभावी साधन दिसायला अगदी रूक्ष आहे : बांधकाम परवानगी. बार्सिलोना शहराने केलेला सौर नियम ऑगस्ट २००० पासून लागू झाला. गरम पाण्याचा वापर जास्त असलेल्या नव्या किंवा मोठी दुरुस्ती होणाऱ्या इमारतींनी त्यासाठीची किमान ६० टक्के ऊर्जा सूर्यापासून मिळवावी, असे त्यात बंधन होते. स्पेनमधील इतर शहरांनी तो उचलला आणि २००६ मध्ये तशी तरतूद राष्ट्रीय बांधकाम संहितेतच आली. टोकियोने एप्रिल २०२५ पासून नव्या घरांवर सौरपट्ट्या बसवण्याची जबाबदारी मोठ्या बांधकाम कंपन्यांवर टाकली, घर घेणाऱ्यावर नाही. नियम पाळला जातो की नाही, हे बरेचसे अशा बारकाव्यांवर ठरते.

थंड प्रदेशांत ऊर्जेचा मोठा हिस्सा घरे उबदार ठेवण्यात जातो. एका केंद्रात पाणी तापवून ते नळांनी घरोघर फिरवायचे, तर रस्ते खणावे लागतात, आणि रस्ता खणण्याचा हक्क पालिकेचा. डेन्मार्कने १९७९ च्या कायद्याने उष्णतापुरवठ्याचे नियोजन पालिकांकडे सोपवले; कोपनहेगनमधील जवळपास सर्व घरे आज अशा जाळ्याला जोडलेली आहेत. स्वीडनमधील व्हेक्शो शहराच्या उष्णता केंद्रात १९८० पासून तेलाच्या जोडीला जंगलतोडीतील टाकाऊ लाकूड जाळले जाऊ लागले. जीवाश्म इंधन पूर्ण सोडण्याचा ठराव तिथे १९९६ मध्ये झाला. ठरावाच्या कितीतरी आधी नळ जमिनीत होते, ही बाब सहसा नजरेआड होते.

पालिका स्वतःही मोठी ग्राहक असते. पथदिवे, पाणी उपसणारे पंप आणि मैलाशुद्धीकरण यांचे वीजबिल कायमचे डोक्यावर असते. मैल्याच्या गाळापासून जैववायू काढून शुद्धीकरण केंद्राची बरीचशी गरज तिथल्या तिथे भागवता येते. याचे उद्घाटन समारंभ होत नाहीत, बचत मात्र होते.

ऊर्जा घरोघर पोचवणाऱ्या जाळ्यांच्या मालकीचा प्रश्न अधिक वादाचा आहे. हॅम्बुर्गच्या मतदारांनी २०१३ मध्ये निसटत्या बहुमताने वितरण जाळी शहराने परत विकत घ्यावीत असा कौल दिला, आणि तसे झालेही. अमेरिकेतील बोल्डर शहराने मात्र जवळजवळ दशकभर झगडून २०२० मध्ये हा नाद सोडला. कॅलिफोर्नियाच्या २००२ च्या कायद्याने मधली वाट दिली : तारा कंपनीच्याच राहतात, वीज कोणाकडून घ्यायची हे नागरिकांच्या वतीने स्थानिक संस्था ठरवते.

लहान वस्त्यांत एखादी पवनचक्कीही हिशेब बदलते. डेन्मार्कच्या साम्सो बेटावर समुद्रातील दहांपैकी पाच पवनचक्क्या पालिकेने घेतल्या. तमिळनाडूतील ओडनतुरै ग्रामपंचायतीने २००६ मध्ये कर्ज काढून ३५० किलोवॉटची पवनचक्की उभारली आणि गावाची गरज भागून उरेल इतकी वीज ती निर्माण करू लागली.

या अधिकारांना कुंपणही आहे. अमेरिकेतील बर्कली शहराने २००८ मध्ये सौरपट्ट्यांसाठी कर्ज देऊन ते मालमत्ता कराबरोबर फेडून घेण्याची योजना आणली. कर्ज माणसाच्या नव्हे, घराच्या नावे असल्याने घर विकले तरी हप्ते नव्या मालकाकडे जात. अनेक राज्यांनी ती कल्पना उचलली; पण हा बोजा गृहकर्जाच्या आधी वसूल होतो म्हणून २०१० मध्ये गृहकर्जांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने हरकत घेतली आणि घरांसाठीच्या बहुतेक योजना तिथेच थबकल्या.