सत्तरीचा काळा पाषाण आणि आश्रयाला आलेले देव

साखळीहून निघून केरी मागे टाकली आणि चोर्ल्याचा घाट लागला की दगड बदलू लागतो. खालच्या गोव्यात जिकडेतिकडे तांबडा, भोकाभोकांचा चिरा. घाटमाथ्याकडे काळा पाषाण, थरावर थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगाळलेल्या भुईतून लाव्हारस पुन्हा पुन्हा उसळला आणि थिजला, त्यातून दख्खनचे पठार घडले. त्याची फक्त एक कड गोव्याच्या ईशान्य टोकाला, सत्तरी तालुक्याच्या बाजूने येऊन टेकते. बाकी गोव्यातले बहुतेक खडक त्याहून कितीतरी जुने आहेत.

सत्तर गावांची म्हणून सत्तरी. सोसोगड, वाघेरीसारखे डोंगर, घनदाट रान आणि त्यातून वाहणारी म्हादई. हा मुलूख शतकानुशतके वाटेवर नव्हता, आणि त्याच अडचणीने पुष्कळ काही वाचवले असे मला वाटते.

सर्वांत बोलका दाखला वाळपईजवळच्या ब्रह्माकरमळीचा. तिथली ब्रह्मदेवाची, कदंब राजांच्या काळातली मूर्ती मूळची पणजीकडच्या तिसवाडी तालुक्यातल्या करमळीची. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पोर्तुगिजांनी पाडायला सुरुवात केली, आणि सोळाव्या शतकातच भक्तांनी देव उचलून त्यांच्या हद्दीबाहेर, या डोंगराच्या कुशीत आणला. देवाबरोबर गावाचे नावही आले. ब्रह्मदेवाची देवळे देशात मोजकीच, त्यांतले एक इथे असे आडबाजूला उभे आहे. आजही त्या मूर्तीसमोर उभे राहिले की आधी तिचे शिल्प दिसत नाही. ती अंगाखांद्यावरून वाहून आणणारी माणसे डोळ्यांपुढे येतात.

सत्तरीच्या दक्षिणेला, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ल्याचा महादेवही रानानेच राखला. सुमारे बाराव्या-तेराव्या शतकातले हे कदंब-यादव शैलीचे देऊळ आकाराने लहान, पूर्वाभिमुख, शेजारी झुळझुळणारी नदी. मंडपाच्या छतावर कमळ कोरले आहे. आसपास मिळणारा चिरा इतके बारीक काम पेलत नाही. म्हणून देवळाचा काळा दगड घाटावरून आणला असे सांगतात, आणि देऊळ पाहिल्यावर ते पटते. गोव्यातली त्या काळची बहुतेक देवळे नाहीशी झाली, हे टिकले.

अठराव्या शतकात नव्या काबिजादींबरोबर, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखाबरोबर, सत्तरी त्यांच्याकडे गेली. पण रान त्यांच्या हातात कधीच नीट आले नाही. १८५२ मध्ये सत्तरीतल्या दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन बंड पुकारले, आणि याच डोंगरांच्या आधाराने ते काही वर्षे चालले.

गावांनी आपले रान कसे जपले तेही पाहायला हवे. नानोड्याच्या बांबर वाड्यावर ‘निरंकाराची राय’ म्हणजे देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या त्या दलदलीत रानजायफळाची दुर्मीळ झाडे अजून उभी आहेत, कारण तिथे कोयता चालवायचा नाही हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहे. रानाबरोबर जुन्या रीतीही टिकल्या: शिमग्यात कुठे रणमाले हे लोकनाट्य रंगते, झर्म्याला चोरोत्सव होतो.

१९९९ मध्ये सत्तरीच्या या रानातल्या २०८ चौरस किलोमीटरांचे म्हादई अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये तिथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मला वाघ हवा आहे. पण मोकाशांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळापासून कसत असलेली जमीन अनेक घरांच्या नावावर अजून नाही, आणि त्याच जमिनीत त्यांच्या काजूच्या बागा आहेत. राय राखणाऱ्या घरांनाच या प्रकल्पाची धास्ती वाटते ती यामुळे.